पॉप्लरची घरपट्टी

ज्याने उमेदीची बत्तीस वर्षे नगरपालिकेच्या घरपट्टी खात्यात काढली, त्याला इतिहास वाचतानाही आधी जमाखर्चाचे पान उघडावेसे वाटते. माझे तसेच झाले आहे. लढाया आणि तह वाचून होतात. पण अमक्या राजाचा सारा कसा वसूल होत असे हे कळेपर्यंत तो राजा काही केल्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. म्हणूनच लंडनच्या एका गरीब वस्तीतील नगरपालिकेची हकीकत हाती आली, तेव्हा मी ती एखाद्या कादंबरीसारखी वाचली. ती सारी हकीकत घरपट्टीचीच आहे.

तिच्याशी माझी गाठ पडली ती गांधीजींमुळे. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला गेले, तेव्हा बड्या हॉटेलात न उतरता पूर्व लंडनमधील बो या कामगारवस्तीत, किंग्जली हॉल नावाच्या सेवाश्रमात राहिले, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. त्यांच्या यजमानीण म्यूरियल लेस्टर. या बाई कोण म्हणून शोधू लागलो, तर त्या काही वर्षे पॉप्लर बरोच्या कौन्सिलवर आल्डरमन होत्या आणि माता-बालसंगोपनाचे खाते पाहत होत्या, असे दिसले. पॉप्लर हे नाव मी तोवर ऐकलेही नव्हते. इंग्रजीच्या मोठ्या कोशात मात्र या गावाच्या नावावरून झालेला एक शब्द आहे: ‘पॉप्लरिझम’. नगरपालिकेच्या कारभारावरून कोशात शब्द जावा, असे त्या कारभारात घडले तरी काय होते?

थेम्सच्या काठी, लंडनच्या पूर्व टोकाला पॉप्लर, बो आणि ब्रॉमली असे तीन भाग मिळून हा बरो झाला होता. १८९९ च्या कायद्याने लंडनचे असे अठ्ठावीस बरो पाडले. प्रत्येकाचे स्वतंत्र कौन्सिल, स्वतंत्र घरपट्टी. पॉप्लरची वस्ती दीड लाखाच्या वर. १८०२ साली सुरू झालेली वेस्ट इंडिया गोदी इथलीच आणि १८०६ सालची ईस्ट इंडिया गोदीही इथलीच. हिंदुस्थानातून गेलेला माल या दुसऱ्या गोदीत उतरत असे. गोदीतले काम रोजंदारीचे. सकाळी फाटकापाशी माणसांची झुंबड उडे. मुकादम ज्याच्याकडे बोट दाखवील त्याला त्या दिवसाची भाकरी, बाकीच्यांनी हात हलवीत घरी जायचे. जहाजे कमी आली की सारी वस्ती उपाशी.

या वस्तीच्या कौन्सिलवर अनेक वर्षे सत्ता होती ती ‘म्युनिसिपल अलायन्स’ची, म्हणजे घरपट्टी कमी राहावी एवढेच पाहणाऱ्या मंडळींची. महायुद्धामुळे १९१२ नंतर स्थानिक निवडणुका झाल्याच नाहीत. दरम्यान १९१८ च्या कायद्याने मतदार कितीतरी वाढले. तीस वर्षांवरील विवाहित स्त्रियांनाही नवऱ्याच्या घराच्या आधारे कौन्सिलसाठी मत मिळाले. १ नोव्हेंबर १९१९ रोजी मतदान झाले आणि ४२ जागांपैकी ३९ जागा मजूर पक्षाने जिंकल्या. त्याआधी त्यांचे नगरसेवक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. जॉर्ज लॅन्सबरी हे पॉप्लरचे पहिले मजूरपक्षीय मेयर झाले. हेच ते ‘डेली हेरल्ड’चे संपादक. चिरोल खटल्याच्या निमित्ताने त्या वर्षी लोकमान्य टिळक लंडनमध्येच होते आणि स्वराज्याच्या मागणीसाठी मजूर पक्षाशी त्यांनी संबंध जोडले होते. त्या पक्षाच्या हातात त्या काळी जी काही खरीखुरी सत्ता येत होती, ती प्रथम अशा नगरपालिकांतूनच येत होती.

निवडून आलेले लोक कोण होते? गोदीत ओझी वाहणारे, रेल्वेतले कामगार, साधे मजूर. मिनी लॅन्सबरी, म्हणजे जॉर्ज यांच्या सूनबाई, या शिक्षिका. पोलंडमधून आलेल्या ज्यू कुटुंबातील. सूझन लॉरेन्स या श्रीमंत घरच्या, केंब्रिजला शिकलेल्या. आधी हुजूर पक्षात होत्या, मग मजूर पक्षात आल्या. मेयर लॅन्सबरी स्वतः लाकूड कापण्याच्या गिरणीचा धंदा सांभाळलेले. सभागृहात कसे बोलावे हे यांतल्या कित्येकांनी कामगार संघटनेतच शिकून घेतले होते.

सत्तेवर येताच त्यांनी घरे बांधायला काढली, क्षयरोग्यांची आणि तान्ह्या मुलांच्या दुधाची सोय वाढवली. १९२० साली आपल्या नोकरांना आठवड्याला किमान चार पौंड वेतन ठरवले, पुरुषाला आणि स्त्रीला सारखेच. आमच्याकडे सफाई कामगार स्त्रियांची हजेरी मी वर्षानुवर्षे पाहिली आहे. १९२० सालचा हा ठराव वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो, हे कबूल करतो.

इथवर सत्तांतराची कथा सरळ आहे. पुढे हिशेब सुरू होतो.

घरपट्टी तेव्हा बसे ती घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर, पौंडामागे इतके पेन्स अशी. पॉप्लरमध्ये पौंडामागे एक पेनी बसवली तर कौन्सिलच्या हाती ३,६४३ पौंड पडत. लंडनच्या पश्चिमेला, राजवाडे आणि पेढ्या असलेल्या वेस्टमिन्स्टरमध्ये तीच एक पेनी ३१,७१९ पौंड आणून देई. म्हणजे जवळजवळ पावणेनऊ पट. आणि खर्च? बेकारांना आणि निराधारांना घरबसल्या द्यावयाच्या मदतीचा बोजा कायद्याने त्या त्या भागावरच होता. जिथे गरीब अधिक, तिथे मदत अधिक, म्हणून पट्टी अधिक. आणि ती पट्टी भरायची कोणी, तर गरिबांनीच. वेस्टमिन्स्टरला गरीबच थोडे, म्हणून पट्टी हलकी. युद्धानंतरची तेजी १९२० च्या अखेरीस ओसरली, गोद्या ओस पडल्या आणि मदत मागणाऱ्यांची रीघ लागली.

आता पॉप्लरच्या नव्या कारभाऱ्यांपुढे दोनच वाटा होत्या. एक, उपाशी माणसांची मदत तोडायची. दुसरी, भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मजुरावर आणखी पट्टी चढवायची. ज्यांच्या मतांवर आपण निवडून आलो त्यांच्याच पोटावर पाय द्यायचा, मग तो डावा की उजवा एवढेच ठरवायचे! कोणत्याही नगरपालिकेत ज्याने अंदाजपत्रकाच्या सभा पाहिल्या आहेत, त्याला हा पेच नवा नाही. बहुतेक सभागृहे यावर एक मधला मार्ग काढतात: थोडी मदत तोडतात, थोडी पट्टी वाढवतात आणि वरच्या सरकारकडे अर्ज पाठवतात.

पॉप्लरने तसे केले नाही. प्रत्येक बरोला आपल्या घरपट्टीबरोबर लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस, पाणीपुरवठा मंडळ आणि रुग्णालये चालवणारे अॅसायलम बोर्ड या चार मोठ्या संस्थांचा वाटाही वसूल करून द्यावा लागे. मार्च १९२१ मध्ये पॉप्लर कौन्सिलने ठरवले की हा वाटा आपण यंदा बसवणारच नाही. आमच्या लोकांकडून जेवढे निघते तेवढे आमच्या गरिबांसाठी लागेल. साऱ्या लंडनचे गरीब हे साऱ्या लंडनने पोसावेत. मागणी एवढीच होती, की श्रीमंत आणि गरीब बरोंवरचा भार सारखा करा.

ठरावाची किंमत मोजावी लागते, हे सीमाभागातल्या वाचकाला मी सांगायला नको. काउंटी कौन्सिल आणि अॅसायलम बोर्ड उच्च न्यायालयात गेले. २९ जुलै १९२१ रोजी सारे नगरसेवक पॉप्लरच्या टाऊन हॉलपासून पायी न्यायालयाकडे निघाले. पुढे बँड, कौन्सिलचा मानदंड घेतलेला चोपदार, गळ्यात पदाची साखळी घातलेले मेयर सॅम मार्च आणि मागे हजारो माणसे. आम्ही न्यायालयात चाललो आहोत आणि कदाचित तुरुंगात, असे फलकावरच लिहिले होते. न्यायालयाने हुकूम दिला: पट्टी बसवा, नाहीतर अवमानाबद्दल तुरुंगात जा. मुदत ठरलेली नव्हती. हुकूम मानीपर्यंत आत राहायचे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीस नगरसेवकांना अटक झाली. पुरुषांना ब्रिक्स्टनच्या तुरुंगात नेले, स्त्रियांना हॉलोवेच्या. त्या स्त्रियांपैकी नेली क्रेसल गरोदर होत्या. त्यांचा बभ्रा झाला तेव्हा सरकारने त्यांना आधी सोडले. पण कौन्सिलचे काम थांबले नाही. सभा तुरुंगातच भरू लागल्या. हॉलोवेहून स्त्री-सभासदांना मोटारीने ब्रिक्स्टनला आणीत, आणि रीतसर इतिवृत्त लिहिले जाई. बाहेर लोक जमत. लॅन्सबरी खिडकीच्या गजांतून त्यांच्याशी बोलत. शेजारच्या स्टेप्नी आणि बेथनल ग्रीन या बरोंनीही आपण पॉप्लरच्या वाटेने जाऊ असे ठराव केले, तेव्हा मात्र सरकार हलले. १२ ऑक्टोबरला साऱ्यांची सुटका झाली. कोणी माफी मागितली नव्हती, पट्टीही बसवली नव्हती. नोव्हेंबरात पार्लमेंटने कायदा करून घरबसल्या मदतीचा बराचसा खर्च साऱ्या लंडनच्या सामाईक निधीतून देण्याची व्यवस्था केली. तो निधी १८६७ पासून होताच. त्यातून अनाथगृहातल्या गरिबाचा खर्च मिळे, घरी राहून उपाशी असलेल्याचा मिळत नसे. ती फट बुजली.

या विजयाला किंमत पडली. मिनी लॅन्सबरी सुटल्यानंतर काही आठवड्यांतच न्यूमोनियाने आजारी पडल्या आणि १ जानेवारी १९२२ रोजी गेल्या. वय अवघे बत्तीस. बो रोडवर त्यांच्या नावाचे एक घड्याळ आहे. चार पौंड वेतनाचा प्रश्नही हिशेबतपासनिसांनी न्यायालयात ओढला. युद्धानंतर महागाई उतरली तरी कौन्सिल तेच वेतन देत राहिले, हा त्यांचा आक्षेप. १९२५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायमूर्तींनी कौन्सिलविरुद्ध निकाल दिला. स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याच्या हौसेवरही निकालपत्रात टोमणे आहेत. रॉबर्ट्स विरुद्ध हॉपवूड हा तो खटला. निवडून आलेल्या सभेने किती औदार्य दाखवावे हे न्यायाधीश ठरवणार का, असा वाद त्यावर पुढे वकिलांत बराच चालला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पॉप्लरला विरोध करणाऱ्यांत खुद्द मजूर पक्षाचे पुढारी होते. शेजारच्या हॅकनेचे मेयर हर्बर्ट मॉरिसन म्हणत, की आपण कायदा मोडला तर हा पक्ष राज्य चालवायला लायक आहे असा विश्वास लोकांना कधी वाटणार नाही. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. आज चांगल्या हेतूने एका सभागृहाने कायदा मोडला, तर उद्या वाईट हेतूने दुसरे मोडील. आणि पॉप्लरमध्येही जास्त पट्टीखाली पिचणारा छोटा दुकानदार होताच. १९२२ च्या निवडणुकीत मात्र हॅकनेतील मजूर पक्षाची सत्ता गेली आणि पॉप्लरच्या मतदारांनी तुरुंगात गेलेल्यांच्या पक्षालाच पुन्हा बहुमत दिले. मॉरिसन यांनी चिकाटी सोडली नाही. १९३४ साली त्यांनी सनदशीर मार्गाने साऱ्या लंडन काउंटी कौन्सिलचीच सत्ता मिळवली, आणि लंडन चालवून दाखवले. पण भाराची वाटणी बदलली ती १९२१ साली, आणि ती अर्जांनी बदलली नव्हती.

मला जे कळले ते एवढे. सत्तांतर झाले की खुर्चीवरची माणसे बदलतात. पट्टीचा हिशेब ज्या वहीत असतो ती वही बहुधा तीच राहते. १९१९ साली पॉप्लरच्या मतदारांनी माणसे बदलली. त्या माणसांनी दोन वर्षांत ओळखले, की आपल्याला दिलेली वहीच अशी आखली आहे की तिच्यात गरिबाचा हिशेब कधी जुळणारच नाही. तेव्हा त्यांनी आकडे खाडाखोड करून जुळवण्याऐवजी वही नाकारली.

मी एकदा थकबाकीच्या वसुलीला बिलिफाबरोबर एका विधवा विणकर बाईच्या घरी गेलो होतो. जप्तीत तिचा पितळी हंडा उचलला. पंचनाम्यावर माझी सही आहे. कायद्याप्रमाणे सारे बिनचूक होते. ‘साहेब, पाणी कशात भरू?’ एवढेच ती म्हणाली होती. तिच्या पट्टीचा आकडा बरोबर आहे की नाही हे मी दोनदा तपासले होते. तिच्यावर तो आकडा बसावाच का, हा प्रश्न माझ्या रजिस्टरच्या रकान्यांत नव्हता.

पॉप्लर बरो आता नाही. १९६५ साली तो स्टेप्नी आणि बेथनल ग्रीनसह टॉवर हॅम्लेट्समध्ये विलीन झाला. त्याच्या तुरुंगातल्या सभांची इतिवृत्ते वाचायला मिळाली तर मला पाहायचे आहे ते एकच: हजेरीच्या रकान्यात त्या कारकुनाने काय लिहिले असेल. मेयर हजर, सभासद हजर, सभेचे ठिकाण ब्रिक्स्टनचा तुरुंग. सही करताना त्याचा हात थरथरला नसेल, असे आपले मला वाटते.