पहारा-घड्याळ

रात्रीच्या पहारेकऱ्याने नेमून दिलेल्या ठिकाणी, नेमलेल्या वेळी फेरी घातली किंवा नाही याची नोंद ठेवणारे घड्याळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शंभराहून अधिक वर्षे कारखाने, गोदामे व पेढ्या यांत ते प्रचारात होते.

यंत्र येण्यापूर्वी गस्तीची साक्ष कानाने पटत असे. युरोपातील नगरांत पहारेकरी तास पुकारीत हिंडत. भारतात काठीचा ठोका, शिट्टी व ‘जागते रहो’ची आरोळी यांचाही तोच उपयोग. फेरीचे साक्षीदार म्हणजे गल्लीतील रहिवासी. (गस्त कोठवर आली हे चोरालाही त्यातून कळे, ही गोष्ट वेगळी.) कारखान्याच्या आवारात मात्र रात्री ऐकणारे कोणी नसते. शिवाय कापूस, लाकूड, तेल यांच्या साठ्याला लागलेली आग प्रारंभीच दिसली, तरच आटोक्यात येते. त्यामुळे पहारेकरी जागा होता याचा पुरावा मालकांना व पुढे विमा कंपन्यांनाही हवासा वाटू लागला.

इंग्लंडमधील डर्बी येथील घड्याळजी व भूवैज्ञानिक जॉन व्हाइटहर्स्ट (१७१३–८८) यांनी अठराव्या शतकात अशी घड्याळे बनविली. त्यांना इंग्रजीत पडलेले ‘टेल-टेल’, म्हणजे चहाडखोर, हे नाव पुरेसे बोलके आहे. फिरत्या तबकडीच्या कडेला खुंट्यांची रांग असे. त्या त्या वेळी दट्ट्याखाली आलेली खुंटीच तेवढी आत दाबता येई. वेळ टळली की ती पुढे सरके आणि सकाळी बाहेर राहिलेली दिसे. रचना साधी होती, पण घड्याळ एका जागी खिळलेले असल्याने ते त्याच जागेची साक्ष देई.

व्यूर्टेंबेर्गमधील श्वेनिंगेन गावच्या योहानेस ब्यूर्क यांनी १८५५ च्या सुमारास ही रचना उलटी केली. घड्याळ पहारेकऱ्याच्या खांद्याला आले आणि किल्ल्या जागोजागी साखळीने बांधल्या गेल्या. प्रत्येक किल्लीवरील उठावाची खूण निराळी. ती घड्याळात घालून फिरविली की आतील कागदावर ठसा उमटे. कागद घड्याळाच्या गतीने सरकत असल्याने ठशाच्या जागेवरून वेळही कळे. साखळ्या तोडून किल्ल्या एके ठिकाणी आणणे ही फसवणुकीची उघड वाट होती. म्हणून साखळ्यांना मोहरा लावीत. पुढील घड्याळांत झाकण उघडल्याचीही खूण कागदावर उमटे. पेटंटाचा एक वाद तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला (इम्हॉयझर वि. ब्यूर्क, १८७९). आपलीच चहाडी करणारे यंत्र रात्रभर खांद्यावर वाहण्यातील मानहानीची दखल मात्र या व्यवहारात कोणी फारशी घेतलेली दिसत नाही.

या घड्याळाचा मोठा दोष असा, की चुकलेली फेरी दुसऱ्या दिवशी कळे. रात्री लागलेल्या आगीला किंवा जिन्यावरून पडलेल्या पहारेकऱ्याला त्याचा उपयोग नसे. तारायंत्राने मध्यवर्ती कचेरीस दर फेरीचा संकेत देण्याच्या पद्धतीने ही उणीव काही अंशी भरून निघाली. दुसरा दोष मूलभूत आहे. ठसा फक्त उपस्थिती सांगतो, काय दिसले ते सांगत नाही. वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत १७ जून १९७२ च्या पहाटे फ्रँक विल्स या पहारेकऱ्याला दारांच्या कुलुपांवर चिकटपट्टी लावलेली आढळली. त्याने पोलिसांना बोलाविले. त्याची हस्तलिखित नोंदवही अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. किल्लीच्या घड्याळाला हे सांगता आले नसते.

डेटेक्स या अमेरिकन कंपनीने किल्लीची घड्याळे २०११ च्या अखेरीपर्यंत बनविली. त्यापूर्वीच स्पर्शाने वाचली जाणारी इलेक्ट्रॉनिक बटणे प्रचारात आली होती. पुढे मोबाइलने टिपायच्या सांकेतिक खुणा व उपग्रहाधारित स्थाननिश्चिती यांचीही भर पडली.

भारतीय रेल्वेच्या पावसाळी गस्तीची पद्धत यांहून निराळी आहे. गस्तवाला आपल्या पुस्तिकेवर स्टेशन मास्तरची सही घेऊन निघतो. हद्दीवर पलीकडचा गस्तवाला भेटला, की दोघे पुस्तिकांची अदलाबदल करतात. अशा रीतीने पुस्तिका एका स्थानकाहून दुसऱ्या स्थानकापर्यंत पोहोचते. ठरल्या वेळेनंतर काही काळ वाट पाहूनही गस्तवाला आला नाही, तर मार्गात काही बिघाड असावा असे धरून स्टेशन मास्तर पुढील गाडीच्या चालकाला सावधगिरीचा आदेश देतो आणि गाडी त्या टप्प्यात मंद गतीने जाते.