रक्ताची साक्ष आणि झिका-ज्वराचें प्राचीनत्व

जुन्या कागदाचा अस्सलपणा ठरवितांना शिक्का, हस्ताक्षर व मिती पाहावी लागते, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगणें नलगे. रोगांच्या इतिहासांतही असें एक समकालीन साधन असतें; तें म्हणजे मनुष्याचें रक्त. विषाणूंशीं झुंजतांना शरीर जीं प्रतिपिंडें निर्माण करितें, त्यांपैकीं कांहीं रोग बरा झाल्यावरही वर्षानुवर्षें टिकतात. मात्र हें साधनही परीक्षणावांचून ग्राह्य मानूं नये, हें दाखविण्याचा येथें उद्देश आहे.

सन १९५२ मध्यें इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च व रॉकफेलर फाउंडेशन यांनीं पुण्यांत विषाणु संशोधन केंद्र स्थापिलें. तीच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. त्या सुमारास स्मिथबर्न, कर व त्यांचे सहकारी यांनीं भारतीय रहिवाशांचीं रक्तजलें तपासून १९५४ सालीं निबंध प्रसिद्ध केला. रक्तजल व विषाणु यांचें मिश्रण उंदरांस टोंचावयाचें. उंदीर वांचले, तर रक्तजलांत प्रतिपिंडें आहेत असें समजावयाचें, अशी ती रीत. या कसोटीनें १९६ पैकीं ३३ रक्तजलांत झिकाविरोधी प्रतिपिंडें आढळलीं. हा विषाणु युगांडांतील झिका अरण्यांत १९४७ सालीं एका माकडाच्या रक्तांत प्रथम सांपडला होता. यावरून झिका-ज्वर आपल्याकडे पूर्वींपासून होता, असें अनुमान काढण्यांत आलें.

आमच्या मतें एवढ्यानें तें सिद्ध होत नाहीं. डेंगी, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल व झिका हे डांसांमार्फत पसरणारे विषाणु एकाच कुळांतील आहेत. एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या पोथ्या जशा परस्परांसारख्या दिसतात, तसें एकाविरुद्धचें प्रतिपिंड दुसऱ्यासही ओळखतें. शिवाय त्या परीक्षेंत मिती नव्हती. आतां आजाराच्या आरंभीं दिसून कांहीं महिन्यांनीं लोपणारें प्रतिपिंड व दीर्घकाळ राहणारें प्रतिपिंड वेगळें ओळखतां येतें. त्यावरून संसर्ग ताजा कीं जुना, याचा अदमास लागतो. डेंगीच्या चांचणींत आज हाच भेद पाहतात.

विषाणूचा प्रत्यक्ष पुरावा मात्र भारतांत २०१६-१७ सालीं अहमदाबाद येथें मिळाला. महाराष्ट्रांत तो जुलै २०२१ मध्यें पुरंदर तालुक्यांतील बेलसर येथें मिळाला. १६४८ च्या फत्तेखानाच्या स्वारीमुळें हें गांव वाचकांस परिचित आहेच.

हा वाद केवळ कालनिर्णयाचा नव्हे. झिकामुळें गर्भास इजा होते. जुन्या आंकड्यांवरून 'आपल्या लोकांस प्रतिकारशक्ति आहेच' असें गृहीत धरल्यास गरोदर स्त्रियांच्या बाबतींत गाफीलपणा घडेल. सबब ती नोंद अस्सल, परंतु तिचा पाठ संदिग्ध, इतकाच निर्णय तूर्त देतां येतो.