कोड, कोढ आणि कुष्ठ

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडली व तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. तेथील मराठी घरे तेव्हापासून दोन भाषांच्या शेजारात नांदत आली आहेत. ह्या शेजारात एक शब्द मात्र जपून उच्चारावा लागतो. मराठी मनुष्य ‘कोड’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात अंगावरील पांढरे डाग असतात. त्यांत जंतू नाही व संसर्गही नाही. हिंदी शेजाऱ्याच्या कानी तोच शब्द ‘कोढ’ होऊन पडतो आणि तो महारोग समजतो. एखाद्या मुलीचे ठरलेले लग्न मोडावयास एवढे पुरे. (नुसत्या डागांनीही लग्ने मोडतात, हा आपल्या समाजाचा निराळा दोष.)

वस्तुतः हे दोन्ही शब्द सख्खे भाऊ होत. संस्कृत ‘कुष्ठ’ प्राकृतात ‘कोढ’ झाला. हिंदीने जुना अर्थ राखला, मराठीत तो श्वित्राकडे सरकला. मूळ ‘कुष्ठ’ तरी एका रोगाचे नाव कोठे होते? आयुर्वेदाने अठरा कुष्ठे गणली, सात मोठी व अकरा क्षुद्र. त्यांत दद्रू, म्हणजे आपले गजकर्ण, आणि पामा, म्हणजे खरूज, हीही येतात. अथर्ववेदात तर कुष्ठ ही ताप घालविणारी वनस्पती आहे!

पवित्र शास्त्रातही हाच घोळ आहे. लेवीय १३ व १४ मधील इब्री ‘त्साराअथ’ मनुष्याच्या कातडीस होतो, तसाच वस्त्रास व घराच्या भिंतीसही होतो. ग्रीक भाषांतरकारांनी त्यास ‘लेप्रा’ म्हटले. ‘लेपिस’ म्हणजे खवला. आज ज्यास आपण कुष्ठरोग म्हणतो त्यास ग्रीक वैद्य ‘एलिफँटियासिस’ म्हणत. त्याचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन ह्यांस १८७३ साली आढळला, आणि आज तो औषधाने पूर्ण बरा होतो.

म्हणून नामानाची कथा वाचताना मागल्या रांगेत पांढरे डाग असलेली एखादी भगिनी बसली असेल, तर आम्ही आधी शब्दाचा खुलासा करतो व मग लेवीय १३ उघडतो. तेथे सर्वांग पांढरे पडलेल्या मनुष्यास याजकाने शुद्ध ठरवावे, असे सांगितले आहे. एकोणचाळिसाव्या वचनात तर फिक्या पांढऱ्या डागांस ‘बोहक’ हे निराळेच नाव आहे, आणि तो मनुष्यही शुद्धच.