मुंबई ते लंडन किती लांब?

परवा नातीने लंडनहून फोनवर विचारलं, "आजोबा, मी तुमच्यापासून किती लांब आहे?" आता काय सांगावं! मुळशीतून मुंबईचा विमानतळ गाठायलाच चार-पाच तास जातात, ते धरायचे का? मुंबई ते लंडन सरळ हवाई अंतर सुमारे ७२०० किलोमीटर. मध्ये न थांबणाऱ्या विमानाला साधारण दहा तास लागतात.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला उतरत गेलं. पंख्यांच्या चार इंजिनांचं कॉन्स्टेलेशन विमान ते, आत ३५ प्रवासी. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट आली आणि प्रवासाचे तास भराभर कमी झाले.

१९७४ साली आमचे वडील गेले, तेव्हा दादा लंडनलाच होता. जेट होतं हो, पण तार पोचायला दीड दिवस लागला आणि तिकिटाचे पैसे जमवायला त्याला पुढे आठवडा. दादा उगवला तो दहाव्याच्या दिवशी. एसटीतून उतरल्या उतरल्या त्याने विचारलं, "शेवटचं पाणी कोणी पाजलं?"

आत्याने पाजलं होतं. मीही पुण्याला होतो.

नातीला मी नुसते किलोमीटर सांगितले.