छद्मरूप खनिजे व त्यांचा संग्रह

एखाद्या खनिजाचा स्फटिक तयार झाल्यानंतर त्याचे द्रव्य विरघळून किंवा पालटून जाते व त्याची जागा दुसरे खनिज घेते, परंतु बाह्य आकार मूळ स्फटिकाचाच राहतो, तेव्हा त्या नमुन्यास छद्मरूप किंवा स्यूडोमॉर्फ म्हणतात. अ‍ॅरॅगोनाइटाचे कॅल्साइट होते त्याप्रमाणे रासायनिक संघटन तेच राहून केवळ अंतर्रचना बदलली, तर तो निराळा प्रकार ठरतो.

जळगाव जिल्ह्यातील पारोळा तालुका दक्षिण ट्रॅपच्या प्रदेशात मोडतो. सु. 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या या लाव्हा थरांतील वायूंच्या पोकळ्यांमध्ये उष्ण द्रावांपासून कॅल्साइट, झिओलाइटे, अ‍ॅपोफिलाइट आणि गारगोटीच्या जातीची खनिजे साचली. अशा पोकळ्यांनी भरलेल्या खडकाला कुहरी बेसाल्ट म्हणतात. विहीर खणताना किंवा खडीसाठी खाण फोडताना असा थर लागला, तरच नमुने हाती येतात. द्रावाचे संघटन व तापमान पालटत गेल्याने आधीचे खनिज अस्थिर होते आणि नवे त्याच्या जागी बसते, म्हणून एकाच पोकळीत दोन काळांची नोंद सापडू शकते.

अ‍ॅपोफिलाइटाच्या जागी आलेल्या क्वॉर्ट्‌झाची ओळख पटवणे सोपे आहे. चौकोनी स्फटिकाची रूपरेषा कायम असते, मात्र तळपृष्ठावरची मोत्यासारखी झळाळी गेलेली असते. अ‍ॅपोफिलाइटाची कठिनता 4.5–5 असल्याने त्यावर पोलादी सुरीचा ओरखडा उठतो, तर 7 कठिनतेच्या क्वॉर्ट्‌झावर तो उठत नाही. ही परीक्षा अर्थातच नमुन्याच्या मागल्या बाजूस घ्यावी. स्फटिकावर कॅल्सेडनीचा नुसता पातळ लेप असेल आणि आत मूळ खनिज शाबूत असेल, तर त्यास प्रतिस्थापन म्हणता येत नाही, तरी विक्रीत ही गल्लत सर्रास होते.

मुंबईतील कांदिवलीच्या खाणीत लॉमोंटाइटाच्या स्फटिकांभोवती प्रेहनाइट साचले व पुढे आतील लॉमोंटाइट नाहीसे झाल्याने बोटांसारख्या पोकळ नळ्या उरल्या. संग्राहकांमध्ये हे नमुने विशेष नावाजलेले आहेत.

कॅल्साइटाचा थर काढण्यासाठी नमुने सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवण्याची पद्धत आहे. अर्धवट प्रतिस्थापित नमुन्यात मात्र आम्ल मूळ कॅल्साइटाचा अवशेष, म्हणजे नमुन्याचा पुरावाच, नष्ट करते. नमुन्याइतकीच त्याच्या ठिकाणाची नोंदही जपावी लागते; सोबत ‘जळगाव’ एवढाच मजकूर असलेली चिठ्ठी अभ्यासाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरते. गाव, खाण किंवा विहीर आणि खोली यांची नोंद जागेवरच करावी लागते. आत लॉमोंटाइट शिल्लक असल्यास कोरड्या हवेत त्यातील पाणी निघून जाऊन ते पांढऱ्या भुकटीत विरते, त्यामुळे असा नमुना खान्देशच्या उन्हाळ्यात उघड्यावर ठेवत नाहीत.