पाचगणीचे कागद

१७ जुलै १९४४ ही एकच तारीख असलेली दोन पत्रं पाचगणीच्या दिलकुशा बंगल्यात लिहिली गेली. लिहिणारे गांधीजी. आगाखान पॅलेसमधून सुटून त्यांना जेमतेम सव्वादोन महिने झाले होते; कस्तुरबा त्याच कैदेत फेब्रुवारीत गेल्या होत्या. पहिलं पत्र गुजरातीत, महंमद अली जिनांना, 'भाई' अशी सुरुवात करून भेटीची विनंती करणारं. दुसरं इंग्रजीत, अगदी त्रोटक, विन्स्टन चर्चिल यांना. चर्चिलनी पूर्वी हेटाळणीनं वापरलेलं 'नंगा फकीर' हे विशेषण गांधीजींनी त्यात कौतुक म्हणून स्वीकारलं, आणि आपल्यावर विश्वास ठेवून आपला उपयोग करून घ्यावा असं सुचवलं. जिनांच्या पत्रातून सप्टेंबरमधली मुंबईची बोलणी निघाली आणि फिसकटली. चर्चिलचं पत्र वाटेतच गहाळ झालं आणि त्याची प्रत पुन्हा धाडावी लागली. दोन्ही पत्रं आज छापील संग्रहात आहेत. ज्यांचं मन वळावं म्हणून ती लिहिली, त्यांचं मन वळल्याची खूण मात्र कुठल्या संग्रहात नाही.

पाचच दिवसांनी, २२ जुलैला, पुण्याहून आलेल्या तरुणांनी पाचगणीतच गांधीजींच्या प्रार्थनासभेत घोषणा दिल्या. राग होता तो फाळणीची शक्यता मान्य करणाऱ्या राजाजींच्या तोडग्यावर. निदर्शनं झाली एवढं नक्की. त्यापुढची हकिकत साक्षींवर उभी आहे. नथुराम गोडसे जंबिया घेऊन धावला आणि आपण त्याला धरलं, असं मणिशंकर पुरोहित आणि भिलारे गुरुजी सांगत. गुरुजी तर ते अखेरपर्यंत सांगत राहिले. न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगाचा अहवाल १९६९ मध्ये आला. त्यात पाचगणीचा हल्ला सिद्ध झाल्याचं मानलेलं नाही. गुरुजींच्या शब्दाला मान देऊनही ही कहाणी मी साक्ष म्हणूनच लिहितो, घटना म्हणून नाही. वीस-पंचवीस वर्षांनी आठवलेला जंबिया आणि त्या दिवशी दिसलेला जंबिया यांच्यात फाळणी, एक खून आणि एक खटला येऊन गेले होते.

घाटाखाली त्याच महिन्यात नाना पाटलांचं भूमिगत प्रतिसरकार जोरात होतं. वाळवा, तासगाव, खानापूर हे आजच्या सांगलीतले तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते आणि कुंडल हे चळवळीचं मर्मस्थान होतं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तिथली माणसंही निःशस्त्र मोर्चेच काढत होती. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या, परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला तेच झालं. मग मोर्चे थांबले आणि बंदुका आल्या. जुलै १९४४ च्या अखेरीस गांधीजींनी भूमिगतांना उघड व्हायला सांगितलं. नाना पाटील आणि त्यांचे बहुतेक साथी उघड झाले नाहीत, आणि त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर त्यांना दोष देणं मला तरी जमत नाही. चौथ्या वर्षी, ३० जानेवारी १९४८ नंतर, याच मुलखात ब्राह्मणांची घरं जळाली. अहिंसा शिकवणाऱ्याच्या खुनाचा सूड म्हणून गावोगाव पेटवापेटवी झाली. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' या जळितावरच आहे आणि तिच्यात पेटवणारे परके नाहीत, ओळखीचेच आहेत.

या मुलखात पुढे वीस वर्षांनी काही ख्रिस्ती माणसं हृदयपरिवर्तनाची भाषा घेऊन आली, म्हणून ही पार्श्वभूमी. त्यांच्या विचाराचं मूळ शोधायला इंग्लंडातल्या केझिक गावी जावं लागतं. साल १९०८. फ्रँक बुकमन हा पेनसिल्व्हेनियाचा तीस वर्षांचा लुथेरन पाळक तिथे आला तो मनात एक अढी घेऊन. फिलाडेल्फियात त्यानं गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवलं होतं. विश्वस्तांनी खर्चाला, विशेषतः जेवणाच्या खर्चाला, कात्री लावली आणि त्यानं तणतणत राजीनामा दिला. केझिकच्या एका लहानशा प्रार्थनाघरात, मोजक्या माणसांपुढे, जेसी पेन-लुईस ही बाई क्रुसावर बोलत होती. ऐकताना बुकमनला जाणवलं की विश्वस्त सहा होते आणि सातवा दोषी तो स्वतः. त्यानं सहाही जणांना क्षमा मागणारी पत्रं लिहिली. तुम्ही चुकलात हे त्यात नव्हतं, मी तुमच्याविषयी मनात विष धरलं एवढंच होतं. गार्थ लीन यांनी १९८५ मध्ये लिहिलेल्या चरित्रात ही हकिकत सविस्तर आहे. एकाही विश्वस्ताचं उत्तर आलं नाही, हेही आहे.

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात, मत्तयच्या पाचव्या अध्यायात, एक अवघड सूचना आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. देवाच्या दारातून माणसाला परत गल्लीत धाडणारं हे वचन. खून करू नये या आज्ञेवर बोलता बोलता येशू रागावर येतो आणि रागावरून लगेच या समेटावर. मार्कच्या सातव्या अध्यायात तो हिंसेचा उगम आतून, अंतःकरणातूनच सांगतो. मत्तयच्या पाचव्यात तिच्यावरचा उपाय मात्र बाहेरचा आहे, पायांनी चालून जाण्याचा. इतिहास लिहिणाऱ्याला हे सोयीचं पडतं. अंतःकरणाचा दाखला कुठल्याच दप्तरात मिळत नाही. चालून गेल्याचा, पत्र लिहिल्याचा, पैसे परत केल्याचा मिळू शकतो.

याच अध्यायांनी आपल्याकडच्या एका माणसाचं आयुष्य उलटंपालटं केलं होतं. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं नारायण वामन टिळकांना 'नवा करार' दिला. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला आले आणि तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. ख्रिस्ताचा अनुयायी बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, दरबारात त्याला जागा होती. युरोपात ख्रिस्ती राष्ट्रं एकमेकांच्या तरुणांना खंदकांत मारत होती ते हे वर्ष. ९ मे १९१९ ला मुंबईत टिळक वारले.

टिळकांच्या पालटाविषयी दोन साक्षी आहेत. एक जे. सी. विन्स्लो यांचं १९२३ चं इंग्रजी चरित्र, भक्तिभावानं भरलेलं. दुसरी 'स्मृतिचित्रे'. तीत टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांचा शीघ्रकोप लपवलेला नाही. धर्मांतरानंतर तो विरघळून गेला असंही त्या सांगत नाहीत. भडकणारे, फेकाफेक करणारे आणि घटकेत पाणी पाणी होणारे टिळक पानोपानी भेटतात. मला दुसरी साक्ष जास्त मोलाची वाटते. माणसाचं मन पालटलं की नाही हे व्यासपीठावर सांगणं सोपं. ज्या माणसाला त्याच्यासोबत चूल चालवावी लागते, त्याच्या नोंदी तपासल्या पाहिजेत. लक्ष्मीबाई स्वतः नवऱ्यामागून पाच वर्षांनी, १९०० मध्ये, ख्रिस्ती झाल्या, आणि सोवळ्याओवळ्याचा पीळ स्वतःच्या मनातून कसा हळूहळू सुटला ते त्यांनी जितक्या हसत लिहिलंय तितकं कुणा धर्मोपदेशकाला साधलेलं नाही.

बुकमनला असा घरचा साक्षीदार लाभला नाही; तो अविवाहित होता आणि भोवती अनुयायी. त्याची चळवळ आधी 'ऑक्सफर्ड ग्रुप' म्हणून ओळखली गेली. अमेरिकेतल्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'नं आपली कबुलीची आणि भरपाईची रीत तिच्याकडूनच घेतली. १९३८ मध्ये देश शस्त्रं वाढवत असताना बुकमननं 'मॉरल रीआर्मामेंट' हे नाव दिलं. रोज सकाळी शांत बसायचं, मनात येईल ते वहीत टिपायचं, प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थ आणि प्रेम या चार कसोट्यांवर ते घासायचं आणि मग ज्याचं देणं आहे त्याच्याकडे जायचं, अशी पद्धत.

या पद्धतीचा दुबळेपणा दाखवणारा कागदही सुरक्षित आहे. २६ ऑगस्ट १९३६ च्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड-टेलिग्राम'मध्ये बुकमनची मुलाखत आली. साम्यवादाविरुद्ध तटबंदी उभी केल्याबद्दल त्यानं तीत हिटलरविषयी कृतज्ञता बोलून दाखवली, आणि असा हुकूमशहा देवाच्या ताब्यात आला तर केवढं काम होईल अशी कल्पना रंगवली. अनुयायांनी नंतर संदर्भ सांगितले, विपर्यास झाला म्हटलं. माझ्या मते ही जिभेची घसरण नव्हती, विचाराचीच उणीव होती. एक हृदय पालटलं की राज्य पालटेल असं मानणाऱ्याला छळछावणी आणि तिच्यामागची यंत्रणा दिसेनाशी होते. तोवर न्यूरेंबर्गचे वंशभेदी कायदे होऊन वर्ष उलटत आलं होतं आणि ते कुणाच्या मनात दडलेले नव्हते, राजपत्रात छापलेले होते.

युद्धानंतर स्वित्झर्लंडमधल्या कोमध्ये त्याच चळवळीनं जे केलं ते वेगळ्या वजनाचं आहे. १९४६ मध्ये तिथलं जुनं हॉटेल घेऊन तिनं केंद्र उघडलं आणि पाठोपाठ जर्मनांनाही बोलावलं. १९४७ मध्ये इरेन लोर ही मार्सेची समाजवादी कार्यकर्ती, नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात राहिलेली, जर्मन दिसताच निघून जायला उठली. जर्मनांना वगळून युरोप कसा उभा करणार, असं बुकमननं विचारलं. काही दिवस तिनं खोलीत झगडण्यात काढले. मग भरसभेत तिनं जर्मनांची क्षमा मागितली, ती आपल्या द्वेषाबद्दल. त्यांचा गुन्हा तिनं पुसला नाही. पुढे ती जर्मनीभर बोलत फिरली. केझिकच्या पत्रांची आणि हिची जात एकच: समोरच्याच्या हिशेबाला हात न लावता आपल्या वाट्याचं मांडणं.

हे भारतात रुजवलं राजमोहन गांधींनी. वडिलांकडून महात्माजींचे नातू, आईकडून राजाजींचे. म्हणजे १९४४ च्या त्या निदर्शनांत ज्या दोघांवर राग निघाला त्या दोघांचे. १९५६ मध्ये स्कॉटलंडमध्ये 'द स्कॉट्समन'मध्ये उमेदवारी करताना त्यांची या चळवळीशी गाठ पडली. १९६३ च्या गांधीजयंतीला त्यांनी कन्याकुमारीहून दिल्लीपर्यंत यात्रा सुरू केली. १९६८ मध्ये पाचगणीच्या उजाड पठारावर 'एशिया प्लॅटो' हे चळवळीचं केंद्र उभं राहिलं. कामगार आणि व्यवस्थापक, पुढे सरकारी अधिकारी, एका पंगतीत जेवू लागले. ख्रिस्ती माणसांनी घडवलेली रीत, पण बाप्तिस्म्याची अट नाही. टिळकांच्या साताऱ्यापासून हे ठिकाण तासा-दीड तासावर आहे.

चळवळीच्या लेखनात ईशान्येचा दाखला नेहमी येतो. स्टॅनले निकोल्स-रॉय हे खासी ख्रिस्ती पुढारी. त्यांचे वडील रेव्हरंड जे. जे. एम. निकोल्स-रॉय घटना समितीत डोंगरी जिल्ह्यांच्या स्वायत्ततेसाठी झगडले होते. आसामच्या नेत्यांविषयीची कटुता सोडायला या चळवळीनं मदत केली, असं स्टॅनले यांच्याबाबत सांगितलं जातं. २ एप्रिल १९७० ला मेघालय स्वायत्त झालं, २१ जानेवारी १९७२ ला पूर्ण राज्य, आणि रक्तपात झाला नाही. तरीही सगळं श्रेय एका मनाच्या पालटाला देणं मला पटत नाही. डोंगरी पक्षांची १९६८ ची अहिंसक चळवळ आणि १९६९ चा संसदेचा कायदा, हे कागद जास्त बोलके आहेत. कटुता गेल्यानं वाटाघाटींतला आवाज खाली आला असेल, आणि ईशान्येतल्याच नागालँडमधला रक्तपात पाहता तेही थोडं नाही.

१९३६ च्या मुलाखतीनं उभा केलेला प्रश्न भारतात आणीबाणीत पुन्हा समोर आला: हुकूमशाहीपुढे ही माणसं काय करतात? राजमोहन आणि आर. एम. लाला यांनी १९६४ मध्ये मुंबईत सुरू केलेलं 'हिंमत' हे इंग्रजी साप्ताहिक तेव्हा चालू होतं. इथे सत्ताधाऱ्याचं हृदय पालटण्याची वाट पाहिली गेली नाही. सेन्सॉरशी भांडण झालं. छापखान्यांवर दबाव आला तेव्हा वाचकांनी वर्गणी काढली आणि 'हिंमत'नं स्वतःचं छपाईयंत्र घेतलं. आणीबाणी उठल्यावरही अंक निघत राहिले. १९८१ मध्ये साप्ताहिक बंद झालं. राजमोहन पुढे चरित्रलेखनाकडे आणि इतिहासाकडे वळले, आणि १९९९ मध्ये त्यांनी दक्षिण आशियातल्या सूडाच्या आणि समेटाच्या परंपरेवर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. त्याची सुरुवात त्यांनी महाभारतापासून केली.