फियाटची दुरुस्ती : मुंबईच्या गॅरेजांचा एक इतिहास

मुंबईच्या रस्त्यांवर फियाट गाडी सुमारे सत्तर वर्षे धावली. ‘फियाट ११००’, ‘डिलाइट’, ‘प्रेसिडेंट’ आणि शेवटी ‘प्रीमियर पद्मिनी’ अशी नावे बदलत गेलेल्या या गाडीची मूळ रचना इटलीतली. इटलीत ती १९६० च्या दशकातच मागे पडली. कुर्ल्याच्या कारखान्यात तिचे उत्पादन २००० च्या सुमारापर्यंत चालू राहिले आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३ पर्यंत टिकली. जगातल्या कोणत्याही साध्या कुटुंबगाडीसाठी हा काळ मोठाच आहे. त्याचे श्रेय मुख्यतः दुरुस्ती करणाऱ्यांकडे जाते. रस्त्याकडेच्या गॅरेजांतले मिस्त्री, लेथवाले, रेडिएटर झाळणारे, जुन्या भागांचे व्यापारी आणि स्वतः चालक यांनी मिळून ही गाडी चालती ठेवली.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. सोलापुरात जन्मलेल्या या उद्योगपतीने जहाजबांधणी आणि विमाननिर्मितीनंतर मोटारीचा ध्यास घेतला होता. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवल्या जात. १९५० च्या दशकाच्या आरंभी इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० बाजारात आली. गोलसर बांध्यामुळे आणि पुढे आलेल्या नाकामुळे मुंबई-पुण्यात या पहिल्या गाड्यांना ‘डुक्कर फियाट’ असे नाव पडले. त्यांचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत. १९६४ च्या सुमारास सरळ रेषांची, चौकोनी बांध्याची ‘डिलाइट’ आली. १९७० च्या दशकात हीच गाडी थोड्या बदलांसह ‘प्रेसिडेंट’ आणि नंतर ‘पद्मिनी’ झाली.

गाडी इतकी वर्षे जवळजवळ तशीच का राहिली, याचे उत्तर सरकारी धोरणात सापडते. १९५३ मध्ये प्रशुल्क आयोगाने शिफारस केली, की ज्या कंपन्यांकडे देशात पूर्ण उत्पादन करण्याची योजना नाही त्यांनी केवळ जोडणीचे काम थांबवावे. त्यानंतर जनरल मोटर्स आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी मुंबईतला आपला व्यवसाय गुंडाळला. मोटारींच्या बाजारात हिंदुस्तान मोटर्स, प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड मोटर असे तीनच प्रमुख उत्पादक उरले. आयातीवर कडक बंधने होती, उत्पादनाला परवाना लागत असे आणि किमतींवरही काही काळ सरकारचे नियंत्रण होते. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. नवी गाडी सहज मिळत नसल्यामुळे जुनी टाकून देण्याचा प्रश्नच नव्हता. जी आहे ती दुरुस्त करत राहणे हा मध्यमवर्गीय मालकाचा आणि टॅक्सीवाल्याचा एकमेव मार्ग होता.

गाडीची रचनाही दुरुस्तीला सोयीची होती. पुढे १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, मागच्या चाकांना चालना, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, असा तिचा साधा आराखडा होता. बॉनेट उघडले की कार्बोरेटर, पेट्रोल पंप, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो हे सर्व भाग समोर दिसत आणि हात सहज पोहोचे. काही पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपरचा तुकडा एवढ्या सामग्रीवर बहुतेक नित्याची कामे होत. गाडी वारंवार बिघडे, हे खरे. पण बिघाड डोळ्यांनी दिसे, कानांनी ऐकू येई आणि जागच्या जागी काढता येई.

सर्वांत जास्त त्रास प्रज्वलनाचा. डिस्ट्रिब्युटरमधील ‘पॉइंट’ प्रत्येक ठिणगीला उघडत आणि मिटत. कालांतराने त्यांची टोके जळून खडबडीत होत आणि गाडी सकाळी चालू होईना किंवा चढावर धक्के देई. मिस्त्री पॉइंट घासून साफ करी आणि त्यांच्यातील फट पुन्हा नीट लावी. ही फट साधारण अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी असावी लागे. मोजपट्टी जवळ नसेल तर करवतीचे पाते किंवा घडी घातलेले पुठ्ठ्याचे कार्ड कामी येई. पॉइंट पुन्हा पुन्हा जळू लागले तर दोष बहुधा कंडेन्सरचा असे. हा लहानसा, स्वस्त भाग अनेक चालक डिकीत जादा ठेवत. टायमिंग लावताना अनुभवी मिस्त्री डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून इंजिनाचा आवाज ऐके आणि तेवढ्यावर योग्य जागा पकडे.

दुसरा त्रास पेट्रोलच्या वाटेचा. टाकीत गंज धरला की त्याचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकत. जेट काढणे, फुंकर मारून मोकळे करणे आणि परत बसवणे हे काम चालक रस्त्यातच करत. इंजिनावर बसवलेला पेट्रोल पंप पातळ पडद्याच्या हालचालीवर चाले. हा पडदा फाटला की पुरवठा थांबे. उन्हाळ्यात, विशेषतः बोरघाट किंवा कसारा घाट चढताना, पंपातच पेट्रोलची वाफ होई आणि गाडी बंद पडे. मग पंपावर ओले फडके गुंडाळून तो थंड होईपर्यंत थांबावे लागे. घाटातल्या वळणावर बॉनेट उघडून उभी असलेली फियाट हे १९६० ते १९९० या काळातले नेहमीचे दृश्य होते.

इंजिन तापणे ही याहून गंभीर बाब. इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, तर हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे होते. पाणी कमी पडून इंजिन फार तापले तर हेड वाकडे होई, गॅस्केट जळे आणि पाणी तेलात मिसळे. मग हेड उतरवून यंत्रावर सपाट करून घ्यावे लागे. रेडिएटरमध्ये नळाचे किंवा विहिरीचे जड पाणी भरल्याने नळ्यांत क्षार साचत. रेडिएटर दुरुस्त करणारे कारागीर त्याची टाकी उघडून सळया घालून नळ्या साफ करत आणि गळती झाळून बंद करत. थर्मोस्टॅट अडकला की अनेक मिस्त्री तो काढूनच टाकत. त्यामुळे तापण्याचा धोका तात्पुरता टळे, पण इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागे, पेट्रोल जास्त जळे आणि झीज वाढे. असे अर्धे उपायही या इतिहासाचा भाग आहेत. मालकाच्या खिशाला झेपेल एवढेच काम करायचे आणि गाडी आज रस्त्यावर आणायची, ही मिस्त्रीची अडचण त्यांच्यामागे होती.

गाडीच्या खालच्या भागाची निगा वेगळी. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला जोडलेला असे. त्यामुळे पुढे सलग आसन बसवता येई आणि चालकाशेजारी दोन माणसे मावत. पण दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडण्यांतील बुश झिजले की गिअर अडकून बसे आणि बॉनेट उघडून हाताने सोडवावा लागे. किंगपिन आणि सांध्यांना ठरावीक अंतराने ग्रीस भरावे लागे. ते चुकले की स्टिअरिंगला ‘प्ले’ येई. ब्रेकच्या सिलिंडरमधील रबरी वॉशर फुगत किंवा झिजत, तेल गळे आणि पेडल खाली जाई. सुरुवातीच्या गाड्यांतील डायनॅमो मंद गतीला पुरेशी वीज देत नसे. त्यामुळे रात्रीच्या गर्दीत दिवे लावून रखडलेल्या गाडीची बॅटरी उतरत जाई आणि पुढच्या वेळी धक्का मारूनच गाडी चालू करावी लागे.

मुंबईचा पाऊस आणि खारी हवा यांनी या गाड्यांचे सर्वाधिक नुकसान केले. तुंबलेल्या पाण्यातून जाताना पंख्याने उडवलेले पाणी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर पडे आणि इंजिन बंद होई. टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसली की बहुधा ते पुन्हा चाले. गंजावर मात्र असा सोपा उपाय नव्हता. चटईखाली ओल राहून तळाचा पत्रा सडे, दरवाज्यांच्या खालच्या कडा पोखरल्या जात आणि गंज चाकांवरच्या कमानींपर्यंत पोहोचे. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडणे, ठोकून आकार देणे, वर लांबी भरणे, घासणे आणि रंग मारणे या क्रमाने डेंटर आणि पेंटर काम करत. बऱ्याच जुन्या गाड्यांत मूळ पत्र्यापेक्षा नंतर जोडलेला पत्राच अधिक भरला असता.

काही वर्षांनी इंजिनाचे पूर्ण काम काढण्याची वेळ येई. धूर निळसर दिसू लागला आणि तेल कमी होऊ लागले, म्हणजे रिंगा झिजल्या असे समजले जाई. इंजिन उतरवून सिलिंडर बोअर करत आणि थोड्या मोठ्या मापाचे पिस्टन व रिंगा बसवत. क्रँकशाफ्ट घासून जाड बेअरिंगे घालत, व्हॉल्व्ह त्यांच्या बैठकीवर घासून बसवत. यासाठी गॅरेजांच्या आसपास लेथ आणि बोअरिंगची यंत्रे असलेले स्वतंत्र कारखाने उभे राहिले. मिस्त्री मोटार खोलत, कारखानदार माप आणत आणि मिस्त्री ती पुन्हा जुळवत, अशी कामाची वाटणी होती. या धंद्यात शिक्षण हाताखालीच होई. लहान वयात आलेला पोऱ्या आधी भाग धुई, मग पाने देई आणि बऱ्याच वर्षांनी इंजिनाला हात लावी. लिखित पुस्तकाचा वापर क्वचितच होई. मापे तोंडपाठ आणि खुणा हातात असत.

भागांचा बाजार हा या व्यवस्थेचा दुसरा खांब. मुंबईत ऑपेरा हाउस परिसरात नव्या सुट्या भागांची दुकाने होती. कुर्ल्यात मोडीत काढलेल्या गाड्यांचे भाग मिळत आणि चोरबाजारात जुन्या वस्तूंच्या ढिगात काच, कडी, दिवा, मीटर शोधता येई. पुण्यात नाना पेठ सुट्या भागांसाठी प्रसिद्ध होती आणि जुन्या बाजारात हत्यारे व वापरलेले भाग येत. कारखान्याचा अस्सल भाग, दुसऱ्या उत्पादकाचा तसाच भाग आणि दुरुस्त करून पुन्हा विकलेला भाग यांच्या किमतीत आणि आयुष्यात मोठा फरक असे. चांगला मिस्त्री कोणता भाग कोठे स्वस्तात चालेल आणि कोठे काटकसर महाग पडेल हे मालकाला सांगे. ब्रेकसाठी अस्सल भाग आणि दाराच्या कडीसाठी जुना भाग, असा हिशेब अनेक घरांत ठरून गेला होता.

टॅक्सीने ही कारागिरी सर्वाधिक कसोटीला लावली. शहरातच कारखाना, आटोपशीर आकार आणि सर्वत्र मिळणारे भाग यांमुळे मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी फियाट निवडली. १९९० च्या दशकात शहरात साठ हजारांहून अधिक काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या आणि त्यांत पद्मिनीचेच राज्य होते. एकच गाडी दोन पाळ्यांत चाले, त्यामुळे दुरुस्तीला वेळ थोडाच मिळे. पासिंगच्या आधी ब्रेक, दिवे, रंग आणि मीटर यांची कामे उरकावी लागत. गाडीच्या डाव्या बाजूला बाहेर बसवलेल्या यांत्रिक मीटरची दुरुस्ती हा स्वतंत्र व्यवसायच होता. २०१२ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले आणि तो व्यवसाय आटला.

हवेच्या प्रदूषणाच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात चाललेल्या प्रकरणानंतर, २००० नंतरच्या वर्षांत जुन्या टॅक्सी सीएनजीवर नेण्यात आल्या. मिस्त्रींना नवे काम शिकावे लागले. गॅसची टाकी डिकीत बसल्यामुळे प्रवाशांचे सामान टपावरच्या कॅरिअरवर गेले. कोरड्या गॅसमुळे व्हॉल्व्हच्या बैठकी लवकर झिजत आणि ठिणगीतला थोडासा दोषही लगेच जाणवे. इंधन स्वस्त पडले, त्यामुळे जुन्या गाड्यांना आणखी काही वर्षे मिळाली.

या काळापर्यंत बाजार पूर्ण बदलला होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. १९९३ मध्ये मोटारनिर्मितीवरील परवान्याचे बंधन उठले. पुढे उत्सर्जनाच्या नियमांमुळे कार्बोरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनने घेतली. नव्या गाड्यांत पॉइंट, कंडेन्सर आणि जेट उरले नाहीत. दोष शोधण्यासाठी संगणकी यंत्र लागू लागले. पद्मिनीचे उत्पादन थांबल्यावर तिचे काही भाग मिळेनासे झाले आणि मोडीत निघालेल्या गाड्या हाच मुख्य पुरवठा उरला. टॅक्सीसाठी २००८ मध्ये पंचवीस वर्षांची आणि २०१३ मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा लागू झाली. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव येथे २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी टॅक्सी म्हणून अधिकृतपणे बंद झाली. एक तरी पद्मिनी जतन करावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारकडे केली.

खासगी मालकांना अजून वाट आहे. पंधरा वर्षांनंतर गाडीची तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. त्यासाठी पर्यावरण कर भरावा लागतो आणि एप्रिल २०२२ मध्ये मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले होते. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी २०२१ मध्ये वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणी सुरू झाली, पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. खरी अडचण कागदांपेक्षा माणसांची आहे. पॉइंटची फट हाताने लावणारे आणि आवाजावरून टायमिंग ओळखणारे मिस्त्री आता वयस्क झाले आहेत आणि त्यांच्या गॅरेजात नवे पोरगे फियाटवर शिकत नाहीत.

भारतीय मोटार उद्योगाचा इतिहास सहसा कारखाने, परवाने आणि उत्पादकांच्या नावांनी सांगितला जातो. फियाटचा इतिहास तेवढ्यावर पुरा होत नाही. संग्रहालयात एखादी चकचकीत पद्मिनी ठेवली जाईल तेव्हा तिच्याबरोबर मिस्त्रीची हत्यारे, बोअरिंगची मापे, झाळलेला रेडिएटर आणि या कारागिरांच्या आठवणींची ध्वनिमुद्रणेही ठेवली पाहिजेत. हे काम त्यांच्या हयातीत, म्हणजे आत्ताच, व्हायला हवे.